पोतं पाठीवर येणार कसं?

फिजिओथेरपीच्या जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर एक चित्र असतं. दोन माणसं, दोघांच्या पुढ्यात एकेक खोकं. एक जण कमरेतून वाकून खोकं उचलतोय, त्याच्यावर लाल फुली. दुसरा गुडघे दुमडून, पाठ सरळ ठेवून उचलतोय, त्याच्याखाली हिरवी खूण. आईच्या खांद्याच्या व्यायामासाठी आम्ही जिथे जायचो, तिथेही ते बाकासमोरच लावलेलं होतं. त्या दिवशी माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. कमरेला रुंद पट्टा, मांडीवर एमआरआयचा मोठा लिफाफा, पांढरी टोपी घडी करून खिशात ठेवलेली. बोलता बोलता कळलं, मार्केट यार्डात भुसार बाजारात हमाली करतात. ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत होते. आतून थेरपिस्ट मुलगी त्यांना बोलवायला आली, तेव्हा त्यांनी चित्राकडे बोट करून तिला विचारलं, "मॅडम, हे असं बसून उचललं तर पोतं पाठीवर येणार कसं?" मुलगी क्षणभर थांबली. मग मायेनं म्हणाली, "काका, आता थोडे दिवस तुम्ही वजनच उचलू नका." ते "बरं" म्हणाले आणि तिच्या मागोमाग आत गेले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

घरी येताना रिक्षात मी तेच घोळवत होते. चित्रातलं खोकं आटोपशीर आहे, त्याला दोन्ही हातांनी धरता येतं, आणि ते उचलल्यावर कुठे न्यायचं हे चित्रात दाखवलेलंच नाही. हमालाचं काम तर तिथून सुरू होतं. पोत्याला धरायला मूठ नसते. आतलं धान्य सरकतं, वजन एका बाजूला जातं. ते जमिनीवरून पाठीवर, पाठीवरून फळीवर, फळीवरून गाडीत किंवा थप्पीवर जायला हवं. गुडघे दुमडून उकिडवं बसलेला माणूस पोतं छातीशी घेऊन उभा राहील कदाचित, पण पाठीवर? मी डॉक्टर नाही, अभियंताही नाही. पण त्या प्रश्नामुळे मी पाठीच्या कण्यावर जे जे हाती लागेल ते वाचत सुटले, आणि वाचता वाचता थेट सतराव्या शतकात इटलीत जाऊन पोचले.

जोव्हान्नी बोरेल्ली १६०८ साली नेपल्समध्ये जन्मला. गणिताचा माणूस, पिसाला आणि मेसिनाला शिकवायचा. म्हातारपणी रोममध्ये राहून त्याने प्राण्यांच्या हालचालींवर एक मोठा लॅटिन ग्रंथ लिहिला. तो छापून यायला लागला १६८० साली, तेव्हा बोरेल्लीला जाऊन काही महिने झाले होते. त्याच्याआधी असं मानलं जायचं की स्नायू थोडक्या बळात मोठी वजनं उचलतात. बोरेल्लीने तरफेचं गणित लावून उलटंच दाखवलं. हाडाच्या सांध्यापासून स्नायू अगदी जवळ चिकटलेला असतो आणि ओझं असतं दूर. त्यामुळे हातात जेवढं वजन, त्याच्या कितीतरी पट ताण स्नायूला द्यावा लागतो. पाठीचंही तेच. आणि पाठीचं गणित मांडताना त्याने उदाहरण कुणाचं घेतलं? हमालाचं. मानेवर १२० पौंडांचं ओझं घेऊन वाकून चाललेला हमाल. त्याचे मणके, मधल्या गाद्या आणि पाठीचे स्नायू सगळे मिळून किती बळ लावत असतील, याची बेरीज त्याने केली ती २५,५८५ पौंड. आजचा कुणी हा हिशेब याच पद्धतीने करणार नाही. पण हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. कण्याचं शास्त्र एका हमालाच्या पाठीवरून सुरू झालं होतं. साडेतीनशे वर्षांनी दुसऱ्या एका हमालाने साधा प्रश्न विचारला, तर त्याच्यासाठी भिंतीवर फक्त खोक्याचं चित्र होतं.

आजोबांचं किराणा मालाचं दुकान होतं, तालुक्याच्या गावी. बाजाराच्या दिवशी माल यायचा आणि दुकानाच्या पायरीवरून मी माल उतरताना बघायची. ओल्या तागाचा वास, गुळाच्या ढेपांवर घोंगावणाऱ्या माशा, मिरचीचं पोतं आलं की सगळ्यांना सुटणाऱ्या शिंका. माल उतरवायला येणाऱ्या हमालांतल्या एकाला आम्ही सगळी मुलं मामा म्हणायचो. खांद्यावर चार घड्यांचं फडकं, कमरेला खोचलेला लोखंडी आकडा. तेव्हा पोती शंभर किलोची असायची. मामा गाडीकडे पाठ करून किंचित वाकून उभे राहायचे, वरचे दोघे पोतं कडेला सरकवायचे, आणि ते पाठीवर टेकलं की मामांचं अंग एकदम बदलायचं. गुडघे जरासे वाकलेले, पावलं छोटी आणि भराभर, मान पुढे, नजर जमिनीवर. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, कारण ते श्वास रोखून चाललेले असायचे. पोतं थप्पीवर पडलं की एक लांब "हाऽऽ" बाहेर पडायचं. मग ते आमच्याकडे बघून हसायचे.

त्या रोखलेल्या श्वासाचा अर्थ मला आता वाचून कळला. १९६१ साली कॅलिफोर्नियात लुकास आणि ब्रेस्लर या दोघांनी एक प्रयोग केला. मृत माणसाचा कणा घेतला, त्यावरचे सगळे स्नायू काढले. मणके, गाद्या, हाडांना हाडांशी जोडणारे अस्थिबंध जिथल्या तिथे ठेवले. खालचं टोक पक्कं बांधलं आणि वरून वजन टाकत गेले. साधारण दोन किलोच्या भारानेच तो कणा कलंडला. ज्याला आपण शरीराचा खांब म्हणतो, तो एकटा असताना दुधाच्या दोन पिशव्याही पेलू शकत नाही. मामांच्या पाठीवरचं शंभर किलोंचं पोतं हाडांनी तोललेलंच नव्हतं. प्रत्येक पावलागणिक दोन्ही बाजूंचे स्नायू घट्ट होऊन त्या कण्याला धरून ठेवत होते. श्वास रोखून पोट आवळलं की धड आतून आणखी ताठ होतं. हीच गोष्ट मनोहर पंजाबी यांनी १९९२ साली नीट मांडून दाखवली. मूळचे भारतातले, शिक्षणाने यांत्रिकी अभियंते, संशोधन स्वीडनमध्ये आणि मग अमेरिकेत येल विद्यापीठात. त्यांचं म्हणणं असं, की कण्याचा तोल तीन गोष्टी मिळून राखतात: हाडं-गाद्या-अस्थिबंध ही एक, स्नायू ही दुसरी आणि स्नायूंना क्षणाक्षणाला हुकूम देणारी मज्जासंस्था ही तिसरी. एक कमी पडली की बाकीच्या दोन तिची भर काढतात, आणि भर काढता येईनाशी झाली की दुखणं सुरू होतं. वाचताना मला मामांची ती छोटी, भराभर पडणारी पावलं डोळ्यांपुढे दिसत होती. त्यांची मज्जासंस्था केवढं काम करत असेल! आणि कुठल्याही कागदावर त्या कौशल्याची नोंद 'अकुशल कामगार' अशीच व्हायची.

जिवंत माणसाच्या गादीत किती दाब असतो, हे पहिल्यांदा मोजलं ते स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या आल्फ नाखेमसन यांनी, १९६०च्या दशकात. दाब मोजणारी सुई थेट कमरेच्या दोन मणक्यांमधल्या गादीत खुपसून. त्यांच्या आकड्यांवरून पुढे सगळ्या जगाला सांगितलं गेलं, की उभं राहण्यापेक्षा बसणं कमरेला जड जातं. मग १९९९ साली जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच पुन्हा मोजलं. आता तंत्र सुधारलं होतं. दीड मिलिमीटर जाडीचा संवेदक एका पंचेचाळीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या निरोगी पुरुषाच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीत बसवला आणि जवळजवळ चोवीस तास त्याच्या प्रत्येक हालचालीला दाब नोंदवला. झोपणं, बसणं, हसणं, शिंकणं, जिने चढणं, वजन उचलणं. निवांत उभं असताना ०.५ मेगापास्कल. झोपल्यावर ०.१. वीस किलो वजन पाठ वाकवून उचललं तेव्हा २.३. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दहापट दाब, एका रुपयाच्या नाण्याच्या साधारण दुप्पट रुंद चकतीत! तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७, आणि उचलून अंगाशी घट्ट धरलं तर १.१.

दवाखान्यातलं चित्र सांगतं ते हेच. २.३ आणि १.७ यांच्यातला फरक म्हणजे ती फुली आणि ती खूण. पण त्याच तक्त्यात एक आकडा आहे जो कुणी भिंतीवर लावलेला मी पाहिलेला नाही. खुर्चीत मागे रेलून, सैल, ऐसपैस बसलेल्या माणसाच्या गादीतला दाब ०.३ होता. म्हणजे निवांत उभं राहण्यापेक्षाही कमी. हे वाचून मला एकदम आजी आठवली. "ताठ बस गं, कुबड येईल," हे तिचं पालुपद. पाटावर जेवायला बसताना, अभ्यासाला बसताना, पाहुण्यांसमोर तर हटकून. मुलीच्या जातीने पाठ सैल सोडून बसणं तिला बघवायचं नाही. शाळेत बाई पट्टीचं टोक पाठीला लावायच्या. आम्ही मुली तासन्‌तास ताठ बसत होतो, शिस्त म्हणून, आणि कण्याला त्यातलं काहीच नको होतं. त्याला एकाच ठिकाणी जखडून ठेवणं सोसत नाही, मग ते ताठ असो की वाकलेलं. अर्थात उल्मचं मोजमाप एका माणसाच्या एका गादीचं आहे, आणि एका माणसावरून सगळ्या जगाच्या बसण्याचे नियम ठरवणं मला पटत नाही. पण मग नाखेमसनचे आकडेही मोजक्याच माणसांचे होते, आणि त्यांच्यावरून तर पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ओरडा बसला.

मणक्यांमधली गादी ही शरीरातली फार निराळी गोष्ट आहे. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिनी नसते. तिला जे काही अन्नपाणी मिळतं ते वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येतं. दिवसा आपल्याच वजनाने तिच्यातलं पाणी पिळून बाहेर जातं, रात्री आडवं झालो की ती ते परत शोषून घेते. उल्मच्या त्या स्वयंसेवकाच्या गादीतला दाब झोपेत ०.१ वरून सकाळपर्यंत ०.२४ झाला होता, तो याचमुळे. सकाळी आपण रात्रीपेक्षा जवळजवळ एक टक्का उंच असतो, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर, आणि उठल्यावर पहिल्या तासाभरातच त्यातली निम्म्याहून जास्त उंची उतरते. पण या पहाटेच्या फुगलेल्या गादीची दुसरी बाजूही आहे. पाण्याने टचटचीत भरलेली गादी वाकवली, तर तिच्यावरचा ताण दिवसातल्या इतर वेळांपेक्षा कितीतरी जास्त असतो. मायकेल अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली हे प्रयोगांतून दाखवलं. पुढे अमेरिकेत कंबरदुखीच्या रुग्णांना काही काळ फक्त एवढंच सांगून पाहिलं, की सकाळी उठल्यावर पहिले काही तास वाकणं टाळा, आणि त्यांचं दुखणं कमी झालं.

सकाळी वाकू नका. मी हे वाक्य वाचलं तेव्हा पुण्यात जुलैचा पाऊस पडत होता, आणि माझ्या मावशीच्या गावात, रायगड जिल्ह्यात, भाताची लावणी सुरू होती.

लावणीला बायका उजाडता उजाडता शेतात उतरतात. इरलं गेलं, आता प्लास्टिकचा कागद आला, पण बाकी सगळं तसंच. घोट्याच्या वरपर्यंत चिखल, डाव्या हातात आवणाची मूठ, उजव्या हाताने चार-चार काड्या चिखलात रोवत मागे मागे सरकायचं. पाय जवळजवळ सरळ, घडी पडते ती खुब्यात. मावशीच्या शेजारणीला मी एकदा विचारलं होतं, मधेमधे बसत का नाही? तिने चिखलाकडे हात दाखवला. बसणार कुठे? मी त्यांच्या पाठींकडे बघत राहायची. टेबलासारख्या सपाट, ओल्या कापडाखाली बरगड्या मोजता येतील अशा. लंडनमधल्या फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघांनी १९५०च्या दशकात स्नायूंतली वीज मोजून एक विलक्षण गोष्ट शोधली होती. माणूस उभ्याचा वाकायला लागला की पाठीचे स्नायू जोरात काम करतात, पण पुरता वाकला, की एकदम शांत होतात. शेवटच्या टप्प्यावर स्नायू भार सोडून देतात आणि सगळं धड मागच्या अस्थिबंधांवर लोंबकळतं. त्या क्षणी वाकणाऱ्याला बरं वाटतं. पण अस्थिबंध हळूहळू ताणले जातात. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी माणसांना वीस मिनिटं पूर्ण वाकवून बसवलं, तर तो सैलपणा पुढे अर्धा तास थांबूनही पुरता गेला नव्हता. इथे वीस मिनिटांचं कुणी मोजत नाही, खाचर संपेपर्यंत वाकायचं असतं. दुपारी बांधावर भाकरी खायला येताना त्या बायका एकदम सरळ होत नाहीत. दोन्ही हात मांड्यांवर टेकून, अंग थोडं थोडं वर आणत, मधे थांबत सरळ होतात. मला वाटायचं त्या थकल्या आहेत. त्या थकलेल्या होत्याच, पण त्यांचं शरीर त्या सावकाशीत एक शहाणं काम करत होतं, हे मॅकगिलचं संशोधन वाचल्यावर मला दिसलं.

या बायकांपैकी कुणाच्या कमरेत गेल्या पन्नास वर्षांत संवेदक बसवला गेला असेल असं मला वाटत नाही.

एमआरआयचा तो मोठा लिफाफा मला अजून आठवतो. 'गॅप आलाय', 'गादी सरकलीय', 'मणका झिजलाय' ही वाक्यं हल्ली प्रत्येक घरात ऐकू येतात, आणि ती ऐकल्यावर माणूस स्वतःला मोडका समजू लागतो. माझ्या आत्याने एका अहवालावरून पुढची सगळी वर्षं खाली बसणं सोडलं, देवपूजाही खुर्चीवरून. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा हजारो लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली, आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. दुखत काहीच नाही, तरीही. केस पांढरे व्हावेत तशी ती बरीचशी वयाचीच खूण आहे. आत्या हयात असती तर मी तिला हे सांगायला लगेच गेले असते.

मग फिनलंडमधला जुळ्या भावांचा अभ्यास वाचला आणि मी पुन्हा अस्वस्थ झाले. तापिओ विडेमन, मिशेल बॅटिए आणि सहकाऱ्यांनी अशा जोड्या निवडल्या ज्यांत एक भाऊ आयुष्यभर जड कामं करत आला आणि दुसरा बैठं काम. दोघांचे कणे तपासले, तर गाद्यांच्या झिजेत कामामुळे पडलेला फरक अगदी थोडा. मोठा वाटा आनुवंशिकतेचा आणि लहानपणीच्या एकत्र वाढण्याचा. अभ्यास चोख आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. उलट त्यामुळे कणा हा काचेचा नाही, तो ओझ्याला सरावतो, मजबूत होतो, हे कळतं, आणि मला त्याचा आनंदही झाला. पण कुणी गोदामाचा मालक हे वाचून म्हणेल, बघा, पोत्यांनी काही होत नाही, या भीतीने माझ्या पोटात गोळा आला. छायाचित्रात दिसणारी गादीची झीज वेगळी, आणि पहाटे अंथरुणातून उठता न येणं वेगळं. जड उचलण्याने आणि वाकून-वळून काम करण्याने कंबरदुखी वाढते, हे दाखवणारे अभ्यास पुष्कळ आहेत. शिवाय फिनलंडच्या जंगलकामगाराला मिळणारी सुट्टी, उपचार, पोटभर जेवण आणि आपल्याकडच्या हमालाची रोजची वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, यांची तुलना त्या तक्त्यात येतच नाही.

ओझ्याच्या कौशल्याबद्दल ज्यांनी खरोखर आदराने मोजमाप केलं, असे अभ्यास थोडेच आहेत, पण आहेत. १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर एक शोधनिबंध आला. लुओ बायका ओझं डोक्यावर घेतात, किकुयू कपाळाला पट्टा लावून पाठीवर. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं घेऊन त्या चालल्या, तरी त्यांना रिकामं चालण्यापेक्षा जास्त शक्ती लागत नव्हती. चालताना दर पावलाला आपलं धड लंबकासारखं वर-खाली होतं, आणि ओझ्याखाली त्या बायका त्या झुलण्यातली शक्ती इतरांपेक्षा जास्त परत मिळवत होत्या, हे १९९५ मध्ये उलगडलं. २००५ साली नेपाळचे भारवाहक मोजले गेले, नामचे बाजारच्या वाटेवरचे. नाम्लो, म्हणजे ओझ्याचा पट्टा, कपाळाला लावून पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि बायका ६६ टक्के ओझं वाहत होत्या, डोंगरातल्या त्या शंभर किलोमीटरच्या वाटेवर. त्यांची युक्ती काय, तर सावकाश चालणं आणि वरचेवर थांबणं. अर्थात शक्ती कमी लागली म्हणून मान दुखत नाही असं नाही. दक्षिण आफ्रिकेत डोक्यावर ओझं नेणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला तेव्हा मानेच्या दुखण्याच्या तक्रारी भरपूर निघाल्या, आणि शक्तीची बचतही सगळ्यांना साधत नव्हती. हंडा-कळशी डोक्यावर घेऊन टँकरवरून येणाऱ्या बायकांचे फोटो आपल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात छापून येतात. किती डौलदार चाल, असं त्याखाली कुणी लिहिलं की मला राग येतो.

त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तरही मला सापडलं, निदान अर्धं. वाकून उचलावं की उकिडवं बसून, यावर १९९९ साली नेदरलंड्समधल्या याप व्हान डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं सगळं संशोधन चाळून काढलं. उकिडवं बसून उचलण्याचा सरसकट आग्रह धरावा इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. वस्तू दोन पायांच्या मधे मावत नसेल, तर तिच्याभोवती गुडघे येतात, ती अंगापासून लांब जाते आणि फायदा नाहीसा होतो. 'कसं उचलावं' याचं प्रशिक्षण दिल्याने कामगारांची कंबरदुखी टळत नाही, असंही पुढच्या आढाव्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे काकांची शंका रास्त होती. पोतं कधीच दोन गुडघ्यांमधे मावत नाही.

उरलेलं अर्धं बघायला मी मार्केट यार्डात गेले. सकाळची वेळ, भुसार विभागात ट्रक लागलेले, गव्हाचा भुसा उन्हाच्या तिरिपेत उडत होता. बघता बघता लक्षात आलं, पाठीवर घेणारा हमाल पोतं जमिनीवरून उचलतच नाही. ट्रकच्या फळीची उंची त्याच्या छातीशी येते. तो पाठ करून उभा राहतो, वरून पोतं त्याच्या मानेमागे सरकतं. ओझं जितकं कण्याच्या रेषेवर, तितकी तरफ आखूड, हे बोरेल्लीचं गणित त्याचं शरीर केव्हाच शिकलेलं आहे. उल्मच्या तक्त्यातले १.१ आणि २.३ हे दोन आकडे मला तिथे आठवले. पण माल गोदामातून बाहेर निघताना हे उलटं होतं. थप्पीचे वरचे थर संपले, की खालचे थर जमिनीलगत असतात. मग दोन जण दोन टोकांना लोखंडी आकडे लावतात, पुरते वाकतात, अंग वळवत पोतं झोक्याने वर घेतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. पन्नास किलोंचं पोतं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस किलो, वाकून, वळून, अंगापासून लांब. त्या दोघांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ओझं पाठीवर दिसतं ते तिसऱ्याच्या. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या हमालांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "वाहणाऱ्याची मान जाते पोरी. भरून देणाऱ्याची कंबर जाते."

पोतं पन्नास किलोंचं झालं, तेही कुणा प्रयोगशाळेने सांगितलं म्हणून नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच मोठ्या पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्याबरोबरच्या हमालांच्या लढ्यातून. पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायत होती. गोणी पन्नास किलोंचीच हवी, हे बाजार बंद ठेवून, व्यापाऱ्यांशी वाद घालून, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि अजूनही जादा वजनाची गोणी आली की सांगावं लागतं. बोरेल्लीने हमालाच्या पाठीवरचं ओझं गणितात पकडलं, पण त्या पाठीवरून खाली उतरवलं ते हमालांनी स्वतः. त्या कायद्याच्या फायलीत कंबरदुखीचा एकही तक्ता नसेल, तरी कण्याच्या आरोग्यासाठी महाराष्ट्रात झालेलं ते फार मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आता शास्त्राने त्यांच्याकडे जायला हवं. कण्यावरच्या भाराचा अंदाज घ्यायला हल्ली गादीत सुई घालावी लागत नाही. अंगाला चिकटवायचे हालचालींचे संवेदक, स्नायूंची वीज मोजणारी उपकरणं आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत, फिजिओथेरपीची महाविद्यालयं त्यांच्याच शेजारी आहेत. एखाद्या संशोधक मुलीने ती पिशवीत घालून भुसार बाजारात यावं. वाहणाऱ्याच्या आधी भरून देणाऱ्या दोघांच्या कमरेला लावावीत. थप्पीचा सगळ्यात खालचा थर जमिनीवर असताना एकदा मोजावं, आणि तोच थर गुडघ्याएवढ्या उंचीच्या लाकडी घडवंचीवर ठेवून पुन्हा मोजावं. फरक जो निघेल तो हमाल पंचायतीच्या हाती द्यावा, आणि घडवंचीचा खर्च कोणी करायचा हे माथाडी मंडळाच्या पुढच्या बैठकीत विचारावं.